सायकल उजवीकडेच का पडते

ती. भावोजींना,

वाकून नमस्कार. (माझी कंबर धरली आहे, तेव्हा सध्या हा नमस्कार कागदावरच वाकलेला समजावा.) ताईलाही नमस्कार. तिचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलेलं नाही. लिहायचं राहिलं की लिहायचं नव्हतं, ते कळलं नाही. इकडे आम्ही दोघं देवाच्या कृपेने बरे आहोत. तुमच्या पाकिटाची एक कड सुटलेली होती. ती तुम्हीच अर्धवट चिकटवलीत की वाटेत कोणी उघडून पाहिलं, याचा मी दोन दिवस विचार केला. पण आत ताईच्या गुडघ्याशिवाय विशेष काही नव्हतं. ज्याने वाचलं असेल त्याने फार तर तिच्यासाठी चांगलं चिंतलं असेल, असं म्हणून सोडून दिलं.

पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत विचारलं आहे, की मी पाठवलेला सायकलचा स्टँड कसा काय चालतोय. उत्तम चालतोय. तुमच्या त्या जुन्या उंच सायकलचा स्टँड, तीस वर्षांचं लोखंड, पण कुठे तडा नाही की गंज नाही. हल्ली असं लोखंड बघायला मिळत नाही. तेव्हा पुढे जे लिहितोय त्याचा तुमच्या स्टँडशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे लिहितोय ते तोळ्याबद्दल आहे.

तोळा म्हणजे आमच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसतो तो. तुम्ही त्याला पाहिलं आहे. काटकुळा, निळा ॲप्रन अंगाभोवती दोनदा गुंडाळून बांधणारा. प्रकृती तोळामासा, म्हणून नावच तोळा पडलं. एकोणीस वर्षं आम्ही दोघं एका बाकावर बसून तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करतो. जेवताना तो त्याचा डबा माझ्याकडे सरकवतो, मी माझा त्याच्याकडे, आणि मग दोघं एकमेकांच्या घरचं जेवतो. (यात कोणाला जास्त मिळतं हे मी कधी तोलून पाहिलं नाही. समोर सतत काटा असलेल्या माणसाने न तोललेली ही एवढी एकच गोष्ट असेल.) तर हा तोळा येत्या एक तारखेपासून मालकांच्या नदीपलीकडच्या दुकानात जातोय. स्वतः अर्ज देऊन जातोय. आणि जातोय तो माझ्यामुळे. आज बावीस तारीख. मी रोज सकाळी देवापुढे दोन मिनिटं उभा राहतो, तसाच उभा राहतो, पण हल्ली मागायचं काय तेच सुचत नाही. मागायला तोंड हवं ना.

झालं कसं ते सांगतो. पण त्याआधी आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल मेहुणा जात्याच संशयी आहे. (तसं तुम्ही ताईजवळ म्हणालाही असाल.) मला काम शिकवलं ते मोठ्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी. मी गावच्या शाळेतून सातवी करून आलेला. मला वाटायचं काटा चुकतो म्हणजे तो झिजलेला असतो. ते म्हणायचे, 'काटा झिजतो दहा वर्षांतून एकदा. एरवी कोणाचा तरी हात लागलेला असतो. आधी हात शोध, मग हत्यार घे.' आणि खरंच, कधी पारड्याच्या तळाला मेण सापडायचं, कधी दांडीच्या पोकळीत शिशाची गोळी, एकदा तर लोहचुंबक. गिऱ्हाईक तोंड भोळं करून म्हणायचं, 'अरेच्चा, हे आत कसं गेलं?' तीस वर्षं असे हात शोधल्यावर डोळ्यांना ती सवयच जडते. घरी दुधावर साय कमी दिसली तरी मी आधी घरातल्या माणसांच्या ओठांकडे बघतो. (घरात मी आणि ही, दोघंच. त्यामुळे शोध लवकर संपतो आणि भांडण उशिरा.)

तुमचा स्टँड बसवला त्याला आज सात आठवडे होतील. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी घरी निघताना मला दिसलं, की सायकलच्या उजव्या पेडलची कड खरवडली आहे. दुसऱ्या दिवशी हँडलच्या उजव्या मुठीला माती. तिसऱ्या दिवशी घंटा चेपलेली, तीही उजवीकडूनच. आता गंमत बघा. सायकल मला पडलेली कधीच दिसली नाही. सकाळी लावून जावं, संध्याकाळी यावं, तर आपली सोज्वळपणे उभी. पण अंगावर पडल्याच्या खुणा. म्हणजे कोणीतरी ती पाडत होतं आणि वर साळसूदपणे उभीही करून ठेवत होतं. पाडून पळून जाणारा माणूस मी समजू शकतो, त्याला निदान भीती तरी असते. पण पाडून, उचलून, मूठ सरळ करून जाणारा माणूस हा पोचलेला असतो, असं माझं मत झालं.

मग मी ते प्रकरण नीट तोलून पाहिलं. स्टँड असतो डाव्या बाजूला. स्टँड दगा देईल तर सायकल डावीकडे पडेल. ती पडते उजवीकडे. म्हणजे डावीकडून कोणीतरी ढकलायला हवं. आणि सायकलच्या डाव्या अंगाला आमचं मागचं दार आहे. त्या दारातून पाण्याच्या नळाकडे दिवसातून पाच वेळा कोण जातं? तोळा जातो. (मीही जातो, पण मी काही माझी सायकल पाडणार नाही.) माणसांवर विश्वास ठेवावा असं आमचे शाळेतले गुरुजी सांगत. मीही ठेवतो. पण देवावर ठेवतो तितका नाही, कारण देव माझ्या सायकलजवळून पाणी प्यायला जात नाही.

तरी मी लगेच कोणाचं नाव घेतलं नाही. आधी बंदोबस्त केला. पहिल्यांदा सायकल अंगणाच्या भिंतीला टेकवून लावली. भिंतीला नुकताच रंग दिलेला, त्यावर मुठीचा काळा डाग उमटला आणि मालकांनी माझ्यादेखत तो ओल्या फडक्याने पुसला. माझ्यादेखत पुसायची काय गरज होती? मग पायरीच्या कडेला पेडल अडकवून ठेवली. पेडल फिरलं आणि सायकल एकटीच फाटकापर्यंत जाऊन आली. (आली म्हणजे मला आणावी लागली.) मग चाक सरकू नये म्हणून पुढचा ब्रेक रबराने आवळून बांधला. संध्याकाळी ते विसरून मी टांग टाकली आणि सायकल जागीच राहून मी पुढे गेलो. कंबर धरली आहे ती तेव्हापासून. मग वाटलं, माती भुसभुशीत असेल, म्हणून स्टँडखाली लोखंडी पट्टी ठेवली. त्याने तर प्रकार वाढला. त्या आठवड्यात उजवं पेडल वाकलं.

शेवटी मी डाव्या मुठीला पाच किलोचं वजन टांगलं, आपलं, छाप मारलेलं, बाकावरचं. कोणी डावीकडून ढकललंच तर वजनाने ती मागे यावी, असा हिशेब होता. मालक बाहेर येऊन ते बघत राहिले. म्हणाले, 'खरं वजन आहे ते. त्याने जगाचे काटे तपासायचे, का तुमची सायकल?' मी वजन सोडून आणलं. त्या दिवशी मला वाटलं, आता एकच उपाय उरला. जी आधीच पडलेली आहे तिला कोण पाडणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या हाताने सायकल हलकेच जमिनीवर आडवी ठेवली, वर हात फिरवला आणि आत गेलो. दुपारी येऊन बघतो तर सायकल उभी! भावोजी, मी मनात म्हटलं, याला पाडायचा एवढा नाद आहे, की आडवी मिळाली तर उभी करून पाडतो!

तेव्हा मात्र मी हात शोधायचं ठरवलं. शाळेत गुरुजींच्या कोटाच्या बाहीला खडू लागलेला असायचा, त्यावरून त्यांनी कोणत्या वर्गात किती गणितं घातली ते आम्ही ओळखायचो. ते आठवून मी खडूची बारीक पूड केली आणि मूठ, सीट, मधली दांडी, सगळीकडे चोळली. लांबून दिसत नव्हती. दुपारी जेवायला बसताना तोळा नळावरून आला. तळहात पांढरे. निळ्या ॲप्रनवर छातीशी आडवा पांढरा पट्टा.

मालक तिथेच होते. (मीच त्यांना काही कामाचं निमित्त काढून बोलावून ठेवलं होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुमच्यापासून काय लपवायचं?) मी म्हणालो, 'हात दाखव.' त्याने दाखवले. मी म्हणालो, 'माझ्या सायकलला रोज तुझाच हात लागतो ना?' तो म्हणाला, 'माझाच लागतो.' मी मालकांकडे पाहिलं. गिऱ्हाइकाच्या पारड्याखालचं मेण काढून दाखवताना मी जसं बघतो, अगदी तसं. तोळ्याने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, मग स्वतःच्या हातांकडे, आणि म्हणाला, 'असं होय. झालं तोलून?' बस, एवढंच. हात पुसले, स्वतःचा डबा ओढला आणि पाठ फिरवून खाल्ला. एकोणीस वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःच्या घरचं खाल्लं. अर्धं उरवलं. दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. आज अकरा दिवस झाले, 'कानस दे' एवढंसुद्धा तो मला बोलत नाही. उठून स्वतः घेतो.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न कुठे आला, चोर सापडला. मलाही तीन दिवस तसंच वाटलं. पण चौथ्या दिवशी दुपारी मी बाहेर आलो तर सायकल पडलेली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला ती पडलेली दिसली. उजव्या कुशीवर. पाचव्या दिवशीही पडलेली, आणि संध्याकाळपर्यंत तशीच. तोळा तर बाकावरून हललाच नव्हता. तो आता पाणीसुद्धा घरून बाटलीत आणतो. अंगणात फक्त मालकांचे सासरे खुर्ची टाकून बसलेले असतात. ते सकाळी नऊपासून तिथेच असतात. मी त्यांना याआधी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी 'कोणी नाही' असं सांगितलं होतं. (एवढ्या ठामपणे सांगतात म्हणून मी काही दिवस त्यांच्यावरही नजर ठेवली होती. पण त्यांना खुर्चीतून उठायलाच दोन माणसं लागतात.) या वेळी मी जरा चढ्या आवाजात विचारलं, 'आजोबा, खरं सांगा, कोण पाडतं?' ते म्हणाले, 'कोण पाडणार? वारा आला की पडते. तो बारका रोज उचलायचा. हल्ली उचलत नाही. भांडलात का?' मी म्हणालो, 'मग हे आधी का नाही सांगितलंत?' तर म्हणाले, 'तुम्ही विचारलंत कोण पाडतं. कोण उचलतं ते कुठे विचारलंत?'

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, 'इथेही पडतेच की. दारातून आत यायच्या वाटेवरच पडते.' मी विचारलं, 'मग मला कधी कशी दिसली नाही?' म्हणाली, 'मी उचलते म्हणून.' 'सांगितलं का नाहीस?' तेव्हा तिने मान वर केली. 'त्यात काय सांगायचं? आणि सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझे हात बघितले असते.'

मी बाहेर जाऊन सायकलजवळ बसलो. माणूस एवढी वर्षं दुसऱ्यांचे काटे सरळ करतो आणि घरात, बाकावर, दोन माणसं त्याची पडलेली वस्तू रोज गुपचूप उचलून ठेवतात आणि त्याला पत्ता नसतो. देवही असंच करत असेल का, असं एकदा मनात आलं. पण देवाने निदान ॲप्रनला खडू लावून घेतला नसता.

असो. वारा तर वारा. निसर्गापुढे कोणाचं चालतं? तुमच्या स्टँडचा यात दोष नाही, हे वर लिहिलंच आहे. ताईला सांगा, जिना कमी चढावा, आणि तुम्हीही तब्येतीला जपा. पत्राचं उत्तर सवडीने पाठवा, घाई नाही.

तुमचा मेहुणा

ता. क. १ : घाई आहे. वर 'वारा' लिहिलं ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. रविवारी मी सायकल सपाट फरशीवर उभी केली, पाणसळ लावली, ओळंबा सोडला आणि मोजलं. स्टँड दीड इंच लांब आहे. तुमची सायकल उंच, माझी बसकी. त्यामुळे स्टँडवर माझी सायकल डावीकडे कलायला हवी तेवढी कलत नाही, काठीसारखी ताठ उभी राहते, आणि कोणी बाजूने जांभई दिली तरी उजवीकडे जाते. (पट्टी ठेवून मी तो आणखी उंच केला होता, हेही आता ध्यानात आलं.) मोठे मालक गेले, नाहीतर त्यांना सांगितलं असतं, की दहा वर्षांतून एकदा हात नसतोसुद्धा. कापायला पाच मिनिटं लागतील. पण तुम्ही दिलेल्या छत्रीची मूठ मी बदलली होती, तेव्हा तुम्ही आठ महिने आमच्याकडे आला नव्हतात, आणि ताई येताना भिजत आली होती. तेव्हा तुमच्या स्टँडला मी करवत लावणार नाही. आपण स्वतः या, स्वतःच्या हाताने कापा.

ता. क. २ : खरं काम हे आहे, आणि एक तारखेच्या आत व्हायला हवं. तुम्ही तोळ्याला चार ओळी लिहा. तो तुम्हाला मानतो, तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलला होतात ते त्याने कितीदा तरी सांगितलं आहे. लिहा की स्टँड चुकीच्या मापाचा पाठवला, चूक माझी, मेहुण्याची नव्हे. थोडक्यात, दोष तुम्ही घ्या. तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हाला तो शोभेल. मी दोनदा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो, तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा 'कानस कुठे आहे?' एवढंच विचारून परत आलो. कानस माझ्याच हातात होती. तो गेला तर नव्या माणसाला मी काम शिकवीन, पण डबा कोणाकडे सरकवू?

ता. क. ३ : पत्र जाड झालं. एका तिकिटात जाईल का, हे बघायला आमच्या बारीक काट्यावर ठेवलं. तोळ्याने तिकडे पाहिलं, न राहवून पारडं स्थिर केलं आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा बोलला, 'एक पान काढलंस तर जाईल.' मी विचारलं, 'कुठलं काढू?' तो म्हणाला, 'बघू,' आणि चष्मा लावून सगळं वाचलं. मी समोर उभा, शाळेत वही तपासून घेताना उभा राहायचो तसा. वाचून झाल्यावर पानं नीट जुळवली आणि म्हणाला, 'भावोजींना एवढं लिहिलंस. मला दोन शब्द बोलला असतास तर तिकीटही लागलं नसतं.' मी म्हणालो, 'चुकलो.' तो म्हणाला, 'हा एकच झाला.' मी म्हणालो, 'फार चुकलो.' तो म्हणाला, 'हं.'

मला वाटलं, आता अर्ज मागे घेईल. पण त्याने चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाला, 'एक विचारू? मी अर्ज दिला तर मालकांनी तो वाचलासुद्धा नाही. सही करायला पेन आधीच हातात होतं. गेल्या वर्षभरात तीनदा म्हणाले होते मला, तिकडे जा म्हणून. मी नाही म्हणालो होतो.' आम्ही दोघांनी एकदमच मागच्या दाराकडे पाहिलं. मालक अंगणात उभे होते. सायकलच्या डाव्या अंगाला.

तोळ्याने तिथल्या तिथे अर्ज परत मागितला. माझ्या माफीचा त्यात किती वाटा आहे ते मी विचारलं नाही, बहुधा फार नसावा. मालक म्हणाले, 'जशी तुमची मर्जी,' आणि हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, यावर आज डबा खाताना आमचा बराच वेळ गेला. (डबा त्याच्या घरचा. नेहमीपेक्षा एक वाटी जास्त होती.) तेव्हा तोळ्याला लिहू नका, आणि करवत घेऊन यायचीही घाई करू नका. स्टँड पंधरा दिवस आहे तेवढाच लांब राहू दे. सकाळी लक्ष तो ठेवणार आहे, दुपारी मी.